एसीसी फुटणार का, कधी, आणि रोजच्या अफवा कशा वाचायच्या

प्रश्न असा आलाय की मुलगी फ्लोरिडा स्टेटला शिकते, तिच्यामुळे घरात सगळ्यांना कॉलेज फुटबॉलचं वेड लागलंय, आणि रोज कुठे ना कुठे वाचायला मिळतं की फ्लोरिडा स्टेट आणि क्लेमसन या युनिव्हर्सिटी एसीसी (अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स, म्हणजे त्यांच्या टीम्स खेळतात ती लीग) सोडून चाललेत. कोण म्हणतं एसईसीत (साउथईस्टर्न कॉन्फरन्स), कोण म्हणतं बिग टेनमध्ये, म्हणजे जास्त पैसेवाल्या दोन कॉन्फरन्समध्ये, कोण म्हणतं पुढच्या वर्षीच, कोण म्हणतं सगळ्या मोठ्या टीम्सची वेगळी सुपर लीग निघणार, तर यातलं खरं किती. मी टीव्ही राइट्सच्या व्हॅल्युएशनच्या धंद्यात आहे, कुठली स्कूल (म्हणजे युनिव्हर्सिटी) कुठल्या कॉन्फरन्सला किती पैशाची पडते याची एक्सेल शीट करण्यात बरीच वर्षं गेलीत, म्हणून जरा लांबलचक लिहितो. घाई असेल तर एवढंच घ्या: २०३० च्या आधी एसीसीतलं मोठं नाव हललं तर मला नवल वाटेल, आणि २०३० ते ३२ मध्ये कोणीच हललं नाही तर त्याहून जास्त नवल वाटेल. मुलगी आत्ताच दाखल झाली असेल तर ती एसीसीतच ग्रॅज्युएट होईल, तिकिटांची चिंता करू नका.

आता कारणं. लोक काय करतात, अमेरिकेचा नकाशा घेऊन बसतात आणि या राज्यात अजून टीम नाही मग ही घेतील, त्या दोघांची जुनी रायव्हलरी आहे मग जोडीने जातील असं जुळवत बसतात. मजा येते, मीही करतो, पण निर्णय तिथे होत नाही. निर्णय होतो तो दोन आकड्यांवर. नवीन मेंबर आल्यावर जुन्या मेंबरांचा वाटा वाढतो की कमी होतो हा एक, आणि जाणाऱ्याला बाहेर पडायला किती पैसे मोजावे लागतात हा दुसरा. आणि हे दोन्ही आकडे ठरतात करार कुठल्या तारखेला संपतोय त्यावर. बाकी परंपरा, विद्यार्थ्यांचं हित, अकॅडमिक फिट वगैरे प्रेस रिलीजसाठी असतं. बरं अकॅडमिक फिट अगदीच खोटं नाही, त्यावर पुढे येतो.

हे सगळं सुरू झालं १९८४ ला. तोपर्यंत टीव्हीवर कुठली मॅच दाखवायची, कुठली टीम किती वेळा दाखवायची हे एनसीएए, म्हणजे कॉलेज खेळांची देशभरची संस्था, ठरवायची. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया कोर्टात गेले, सुप्रीम कोर्टाने ७-२ ने एनसीएएची ती मक्तेदारी मोडली, आणि टीव्हीचे हक्क स्कूल आणि कॉन्फरन्सच्या हातात आले. त्या दिवसापासून कॉन्फरन्स ही शेजारच्या कॉलेजांची लीग राहिली नाही, ती टीव्हीला माल विकणारी कंपनी झाली. मग नोटर डेमने १९९१ ला एनबीसी चॅनेलबरोबर स्वतःचं वेगळं दुकान लावलं, आर्कान्सा साउथवेस्ट कॉन्फरन्स सोडून एसईसीत गेलं, एसईसीने १२ टीम्स करून १९९२ ला चॅम्पियनशिप गेम काढला आणि एका जादाच्या मॅचमध्ये केवढा पैसा आहे ते सगळ्यांना दिसलं. १९१४ पासूनची साउथवेस्ट कॉन्फरन्स १९९६ ला बंदच झाली. टेक्सस, टेक्सस ए अँड एम, टेक्सस टेक आणि बेलर जुन्या बिग एटबरोबर जाऊन बिग ट्वेल्व्ह झाली. म्हणजे आख्खी कॉन्फरन्स मरते हे काही आत्ताचं नाही.

आता पहिला आकडा. समजा एका कॉन्फरन्समध्ये १८ स्कूल आहेत आणि प्रत्येकाला वर्षाला ७० मिलियन डॉलर मिळतात. दोन नवीन घ्यायच्या तर टीव्हीवाल्यांनी वर आणखी १४० मिलियन दिले पाहिजेत, तेसुद्धा फक्त जुन्यांचा वाटा जसाच्या तसा राहावा म्हणून. वाढायचा असेल तर त्याहून जास्त. एवढी किंमत असलेल्या स्कूल देशात किती उरल्यात? नोटर डेम एक, तिच्याबद्दल कोणाला शंका नाही. बाकी प्रत्येक नावावर आमच्या धंद्यात भांडणं होतात. म्हणूनच अमुक स्कूलला घ्यायलाच पाहिजे असं फॅन म्हणतो तेव्हा मी विचारतो, मग कोणाच्या ताटातलं काढून द्यायचं?

याच्यात एक पळवाट आहे आणि गेल्या काही वर्षांतल्या अर्ध्या हालचाली तिच्यातूनच झाल्यात. करारात प्रो राटा नावाचं कलम असतं, म्हणजे मोठ्या कॉन्फरन्समधून नवीन मेंबर आला तर टीव्ही कंपनी त्याचा पूर्ण वाटा आपोआप वाढवून देणार. बिग ट्वेल्व्हच्या ईएसपीएन आणि फॉक्स या टीव्ही कंपन्यांबरोबरच्या करारात हे होतं, म्हणून कोलोराडो, अ‍ॅरिझोना, अ‍ॅरिझोना स्टेट आणि युटा आले तरी जुन्यांचं काही गेलं नाही. एसीसीने तर त्याहून पुढची आयडिया केली. स्टॅनफर्ड, कॅल (बर्कलीची कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटी) आणि डॅलसची एसएमयू आले तेव्हा ईएसपीएनकडून वाढीव पैसे घेतले, पण स्टॅनफर्ड आणि कॅलला साधारण ३० टक्केच वाटा दिला, एसएमयूने तर ९ वर्षं टीव्हीचा एक पैसा घेणार नाही म्हणून सही केली, आणि उरलेला पैसा जुन्या मेंबरांत वाटला. एसएमयूच्या देणगीदारांनी अवघ्या आठवड्यात १०० मिलियन डॉलर गोळा करून दाखवले, डॅलसमध्ये पैसा आहे बाबा. तरी ठराव काठावरच पास झाला. १५ पैकी १२ मतं लागत होती, फ्लोरिडा स्टेट, क्लेमसन आणि नॉर्थ कॅरोलिना विरोधात, आणि शेवटी नॉर्थ कॅरोलिना स्टेटने मत फिरवलं तेव्हा जमलं. ती तीन विरोधी नावं लक्षात ठेवा.

पश्चिम किनाऱ्यावरची पॅक ट्वेल्व्ह कॉन्फरन्स कशी गेली ते नीट समजून घेतलं तर पुढचं अर्धं समजेल. जुलै २०२१ मध्ये टेक्सस आणि ओक्लाहोमा एसईसीत चाललेत ही बातमी ह्यूस्टन क्रॉनिकलने फोडली, नेमकी एसईसीचे मीडिया डेज (सीझनआधीच्या पत्रकार परिषदा) चालू असताना. दहा दिवसांत सगळं आटोपलं सुद्धा. बाकीचे हादरले, आणि ऑगस्टमध्ये बिग टेन, एसीसी आणि पॅक ट्वेल्व्ह यांनी अलायन्स जाहीर केली, एकमेकांच्या स्कूल पळवायच्या नाहीत अशी समजूत, कागदावर सही कोणाचीच नाही. ३० जून २०२२ ला बिग टेनने पॅक ट्वेल्व्हमधल्या लॉस एंजेलिसच्या यूएससी आणि यूसीएलए उचलल्या, म्हणजे वर्षसुद्धा झालं नव्हतं. आपल्याकडे आमदार आदल्या रात्रीपर्यंत मी पक्षातच आहे सांगतो आणि सकाळी दुसरीकडे शपथ घेतो, अगदी तोच प्रकार.

तरी पॅक ट्वेल्व्ह वाचू शकली असती असं मला अजून वाटतं. लॉस एंजेलिस गेलं होतं पण ओरेगन होतं, वॉशिंग्टन होतं, दहा स्कूल होत्या. बातम्यांत आलं त्याप्रमाणे ईएसपीएन स्कूलमागे ३० मिलियनच्या आसपास द्यायला तयार होती आणि यांनी ५० मागितले. इथेच घोळ झाला. बिग ट्वेल्व्हचे कमिशनर ब्रेट यॉरमार्क नवीन होते, पण त्यांनी ओळखलं की बाजारात दोन विक्रेते आहेत आणि पैसा एकालाच पुरेल एवढा आहे. त्यांचा करार संपायला अजून वेळ होता, तरी ऑक्टोबर २०२२ मध्ये त्यांनी स्कूलमागे साधारण ३१.७ मिलियनवर २०३०-३१ पर्यंत ईएसपीएन आणि फॉक्सबरोबर सही करून टाकली. रक्कम काही डोळे दिपवणारी नव्हती. पण ती बँकेत होती, आणि पॅक ट्वेल्व्हची बोलण्यात होती. पुढचे नऊ महिने पॅक ट्वेल्व्हचे कमिशनर जॉर्ज क्लियावकॉफ लवकरच, लवकरच करत राहिले. जुलै २०२३ च्या शेवटी कोलोराडो गेलं. मग अ‍ॅपलची ऑफर समोर आली, खात्रीची रक्कम कमी आणि सबस्क्रायबर वाढले तर जास्त. युनिव्हर्सिटीच्या प्रेसिडेंटला बजेट बनवायचं असतं हो, किती लोक अ‍ॅप घेतील यावर तो कोचचा पगार कसा ठरवणार. ४ ऑगस्टला सकाळी उरलेल्या नऊ स्कूल सह्या करायला बसणार होत्या, त्याआधीच वॉशिंग्टनने निघतोय म्हणून कळवलं, ओरेगन त्यांच्याबरोबर बिग टेनमध्ये, तेही अर्ध्या वाट्यावर, आणि रात्र व्हायच्या आत अ‍ॅरिझोनाच्या दोन्ही आणि युटा बिग ट्वेल्व्हमध्ये. मागे राहिल्या ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. या दोघींनी कोर्टात जाऊन कॉन्फरन्सचं नाव आणि तिजोरी ताब्यात ठेवली, आणि माउंटन वेस्टमधून बॉइझी स्टेट, फ्रेस्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट, कोलोराडो स्टेट, युटा स्टेट ओढून, वर टेक्सस स्टेट घेऊन २०२६ साठी नवीन पॅक ट्वेल्व्ह उभी केली. नाव तेच, दुकान वेगळं.

यातून मी धरलेली गोष्ट अशी की कॉन्फरन्स फुटते ती गरीब असल्यामुळे नाही, तर करार संपताना समोर नक्की आकडा नसल्यामुळे. करार चालू असताना लोक कुरकुरतात, पण बसून राहतात.

आणि बसून राहण्याचं कारण म्हणजे ग्रँट ऑफ राइट्स. स्कूल आपल्या होम गेम्सचे टीव्ही हक्क इतक्या वर्षांसाठी कॉन्फरन्सच्या नावावर करून देते, मग तुम्ही कुठेही जा, हक्क इथेच राहणार, म्हणजे नवीन कॉन्फरन्सला तुम्हाला घेऊन विकायला काहीच नाही. नुसती एक्झिट फी असेल तर घासाघीस होते, मेरीलँड बिग टेनला निघालं तेव्हा एसीसी ५२ मिलियनच्या वर मागत होती, शेवटी ३१.४ वर मिटलं. मेरीलँड गेल्यावरच एसीसीने २०१३ मध्ये ग्रँट ऑफ राइट्स आणली आणि २०१६ मध्ये ती २०३६ पर्यंत ताणली. तेव्हा सगळ्यांनी खुशीने सह्या केल्या, त्यात फ्लोरिडा स्टेटसुद्धा. त्यानंतर टीव्हीचे भाव कुठल्या कुठे गेले आणि एसीसी जुन्या भावात अडकली. २०२३ मध्ये फ्लोरिडा स्टेटवाले उघड म्हणायला लागले की एसईसी आणि बिग टेनच्या तुलनेत आम्ही वर्षाला ३० मिलियनने मागे पडणार. मग ३ डिसेंबर २०२३ आला, सगळ्या १३ मॅच जिंकूनही फ्लोरिडा स्टेट प्लेऑफमधून (चॅम्पियन ठरवणाऱ्या शेवटच्या मॅचेसमधून) बाहेर, आणि तिथे ठिणगी पडली. २२ डिसेंबरला त्यांनी फ्लोरिडात केस टाकली, एसीसीने त्याच्या आदल्याच दिवशी नॉर्थ कॅरोलिनात टाकून ठेवली होती. फ्लोरिडा स्टेटने स्वतःच्या अर्जात बाहेर पडायचा खर्च ५७२ मिलियन दाखवला. मार्च २०२४ मध्ये क्लेमसन पण कोर्टात.

मार्च २०२५ ला तडजोड झाली, आणि तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर त्या तडजोडीत आहे. दोन गोष्टी झाल्या. एक, टीव्हीच्या मूळ रकमेतले ६० टक्के आता प्रेक्षकसंख्येवर वाटायचे, म्हणजे ज्यांच्या मॅच लोक बघतात त्यांना जास्त. दोन, बाहेर पडायची किंमत ठरवून टाकली. २०२५-२६ मध्ये १६५ मिलियन, मग दरवर्षी १८ ने कमी, आणि २०३०-३१ मध्ये ७५ वर येऊन थांबणार. तेवढे भरले की टीव्ही हक्क घेऊन जा, ग्रँट ऑफ राइट्सची बेडी सुटली. आता सांगा, दर वर्षी किंमत १८ मिलियनने उतरतेय हे माहीत असताना कोण आत्ता जाईल? हिशेबात बसतच नाही. आणि ७५ मिलियन एसईसी किंवा बिग टेनच्या वाढीव पैशात दोन-चार वर्षांत सुटतात.

आता शेजारी बाकीच्या तारखा ठेवा. बिग टेनचा फॉक्स, सीबीएस, एनबीसी करार २०२९-३० पर्यंत. बिग ट्वेल्व्ह २०३०-३१. प्लेऑफचा ईएसपीएन करार २०३१-३२. एसईसीचा ईएसपीएन करार २०३३-३४. बिग टेनचा करार संपणार आणि वर्षभरात एसीसीचा दरवाजा सगळ्यात स्वस्तात उघडणार, हा योगायोग आहे असं मानायचं तर माना. बिग टेन बोलणी साधारण २०२८-२९ मध्ये सुरू करेल, तेव्हा टीव्हीवाल्यांना सांगायला नवीन नावं हातात लागतात. म्हणून खऱ्या अफवा तेव्हा येतील. आत्ताच्या बहुतेक टाइमपास.

जाणार कोण, यात माझं मत फॅन्सच्या मतापेक्षा वेगळं आहे. फ्लोरिडा स्टेट आणि क्लेमसनने केस टाकली म्हणून त्यांचीच नावं गाजतात, पण दोन्हीकडून मागणी असलेली स्कूल म्हणजे नॉर्थ कॅरोलिना. एसईसीला आणि बिग टेनला दोघांनाही त्या राज्यात पाय नाही, लोकसंख्या वाढतेय, बास्केटबॉलचा ब्रँड आहे, आणि ती एएयूची मेंबर आहे. हे एएयू म्हणजे मोठ्या रिसर्च युनिव्हर्सिटींचा क्लब, बिग टेनचे प्रेसिडेंट लोक याला मान देतात. मघाशी अकॅडमिक फिट अगदीच खोटं नाही म्हटलं ते यासाठी. व्हर्जिनिया, मायामी, जॉर्जिया टेक तिथे आहेत, फ्लोरिडा स्टेट आणि क्लेमसन नाहीत. पैसा प्रचंड असेल तर प्रेसिडेंट तेही विसरतील, पण बरोबरीच्या दोन नावांत काटा इकडे झुकतो. आणि नॉर्थ कॅरोलिनाच्या सिस्टिम बोर्डाने २०२४ मध्ये नियम केला की कॉन्फरन्स बदलायची तर वरची परवानगी लागेल. कोणी कुठे जाणार नसेल तर असा नियम कोण कशाला करतं? त्याच बोर्डाखाली नॉर्थ कॅरोलिना स्टेट पण आहे, आणि धाकटीला मागे टाकून थोरली निघाली की राजकारण पेटतं. २००३ ला व्हर्जिनियात हेच झालं, एसीसीला सिरॅक्यूज हवं होतं, गव्हर्नरने आधीच एसीसीत असलेल्या व्हर्जिनिया युनिव्हर्सिटीवर दाब आणला आणि व्हर्जिनिया टेक आत आलं. कॅलिफोर्नियात यूसीएलए गेली त्याची भरपाई म्हणून दोघींच्या सामाईक बोर्डाने, रीजंट्सनी, तिला कॅलला वर्षाला १० मिलियन द्यायला लावले.

फ्लोरिडा स्टेटचा प्रॉब्लेम असा की एसईसीकडे त्या राज्यात फ्लोरिडा आधीच आहे. पूर्वी केबलच्या काळात हे गणित पक्कं होतं, नवीन राज्य म्हणजे नवीन केबल कनेक्शन, म्हणून तर २०१४ ला बिग टेनने न्यूयॉर्कच्या घरांसाठी रटगर्स आणि वॉशिंग्टनच्या घरांसाठी मेरीलँड घेतलं. आता लोक केबल तोडतायत, त्यामुळे राज्य नाही, मॅच किती मोठी होते ते मोजतात, आणि फ्लोरिडा स्टेट विरुद्ध अलाबामा कोण बघणार नाही? पण मग पैसे कोण देणार ते बघा. एसईसी पण ईएसपीएनची, एसीसी पण ईएसपीएनची. जो माल स्वस्तात मिळतोय तोच उचलून महाग कपाटात ठेवायला ईएसपीएन घाई का करेल? जानेवारी २०२५ मध्ये त्यांनी एसीसीचा करार २०३६ पर्यंत चालू ठेवायचा पर्याय वापरला तो उगाच नाही. ईएसपीएन हलेल ती एकाच भीतीने, की आपण नाही घेतलं तर फॉक्स बिग टेनसाठी घेऊन जाईल. म्हणून माझा अंदाज, फ्लोरिडा स्टेटची पहिली खरी ऑफर बिग टेनच्या बाजूने हलली तरच एसईसीचा दरवाजा उघडेल. मधे २०२४ ला तिने २ मॅच जिंकल्या आणि १० हरल्या त्याने फार काही बिघडलं असं मला वाटत नाही, ब्रँड एका सीझनने मरत नाही. तीन-चार सीझन तसेच गेले आणि प्रेक्षकसंख्या घसरली तर मात्र वाटाही घसरेल आणि भावही.

नोटर डेमबद्दल सगळे विचारतात. फुटबॉल सोडून बाकी बहुतेक खेळांत ती एसीसीत आहे, आणि २०३६ पर्यंत फुटबॉलसाठी कॉन्फरन्स धरायची झाली तर एसीसीच धरायची असं बांधलेलं आहे. जोपर्यंत प्लेऑफचा रस्ता मोकळा आहे आणि एनबीसी पैसे देतेय तोपर्यंत ती हलणार नाही. विषय संपला.

अफवा वाचायच्या कशा, तर माणसाच्या नावाकडे बघू नका, कागदाकडे बघा. पब्लिक युनिव्हर्सिटीच्या बोर्डाला मीटिंगची नोटीस आधी लावावी लागते. सुट्टीच्या मधे अचानक स्पेशल मीटिंग, अजेंड्यावर कायदेशीर सल्ला आणि अ‍ॅथलेटिक्स असं मोघम काही, तर कान टवकारा, ऑगस्ट २०२३ मध्ये असंच झालं होतं. प्रायव्हेट विमान कुठे उतरलं, कोण कमिशनर कुठे जेवताना दिसला, याला शून्य मार्क. आणि आम्ही कमिटेड आहोत हे वाक्य आलं की समजायचं बोलणी चालू आहेत, ज्याचं काही चालू नसतं त्याला कोणी विचारत पण नाही.

शेवटची सुपर लीग. एसईसी १६, बिग टेन १८, आणि २०२६ पासूनच्या प्लेऑफच्या पैशात दोघींना प्रत्येकी २९ टक्क्यांच्या आसपास, एसीसीला १७, बिग ट्वेल्व्हला १५. त्यात हाउस सेटलमेंटनंतर (खेळाडूंनी एनसीएएवर टाकलेल्या केसमधली तडजोड) २०२५-२६ पासून खेळाडूंना स्कूलमागे २०.५ मिलियनपर्यंत थेट द्यायची सोय झाली, म्हणजे खर्चाचा नवीन खड्डा. म्हणून सुपर लीगचा दबाव खराच आहे, पण ती नवीन लीग म्हणून येईल असं मला वाटत नाही. ती आतून येईल, असमान वाट्याने. एसीसीने सुरुवात केलीच आहे. बिग टेनमध्ये २०२५ ला यूसीच्या (कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीच्या) पेन्शन फंडाकडून २.४ बिलियन घ्यायचा प्रस्ताव आला, त्यात ग्रँट ऑफ राइट्स २०४६ पर्यंत न्यायची आणि मोठ्या ब्रँडना थोडं जास्त द्यायचं असं होतं. मिशिगन आणि यूएससी आडवे गेले म्हणून अडकलं. गंमत बघा, जास्त मिळणाऱ्यांनीच नाही म्हटलं, कारण वीस वर्षं हात बांधून घ्यायचे नव्हते. मोठ्या स्कूलला पुढे मोकळं राहायचंय याचा याहून चांगला पुरावा मला तरी दुसरा दिसत नाही.

न्यू जर्सीतल्या एडिसनकडच्या मंडळींनी तिथल्या रटगर्सबद्दल विचारलं होतं, त्यांना बिग टेनमधून काढतील का. काढण्याचं उदाहरण आहे, बिग ईस्टने टेंपलला २००४ च्या सीझननंतर फुटबॉलमधून बाहेर केलं. पण बिग टेन तसं करेल असं वाटत नाही, कोर्टकचेऱ्या फार होतील. रटगर्सने आल्यावर बरीच वर्षं कमी वाटा घेऊन काढली, पुढच्या करारात प्रेक्षकसंख्येवर वाटणी सुरू झाली तर कात्री पहिली त्यांच्याच वाट्याला लागेल, त्यांच्या पाठोपाठ मेरीलँड.